ओढलेलं पेट्रोल, मोजलेलं पेट्रोल

मंडळी, पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती ८०० चालवलेले बरेच जण आज समोर बसलेत. सकाळी चोक ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा आणि मग चावी फिरवायची, ही सवय तुमच्यापैकी अनेकांना असेल. इंजिनाला पेट्रोल देणारा जुना कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन का आलं, ते आज सांगायचंय. त्या दोनदा दाबण्याने आत काय व्हायचं, तिथून सुरुवात करतो.

कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारं यंत्र. त्यात एक छोटा पंप असतो. पेडल दाबलं की हा पंप पेट्रोलची चिळकांडी हवेच्या वाटेत मारतो. त्याची गरज पडते, कारण एरवी कार्ब्युरेटरचा सगळा कारभार हवेच्या ओढीवर चालतो. इंजिन हवा खेचतं, ती व्हेंच्युरीच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि फ्लोट चेंबर या छोट्या साठ्यातलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, बाहेर येतं. पेडल एकदम दाबलं तर हवा लगेच घुसते, पेट्रोल मागे राहतं आणि गाडी गचका खाते. म्हणून तो पंप. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा चोक. स्लो स्पीडला गळ्यातली ओढ पुरत नाही, म्हणून वेगळा पायलट जेट. एकेका अडचणीवर एकेक यांत्रिक तोड काढलेली आहे, आणि तीही कॉम्प्युटरशिवाय. सोलेक्स कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या जेटवर १२० हा आकडा असेल तर त्याचं भोक १.२० मिलिमीटरचं. एवढ्याशा भोकात कचरा अडकला की गाडी मिसिंग मारायची, आणि चांगला मेकॅनिक नुसत्या आवाजावरून ते ओळखायचा. या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण कार्ब्युरेटर मोजत नाही. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा-बारा टक्के विरळ. जेट मात्र मुंबईत होता तोच. मग मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं, ॲव्हरेज घसरतं, प्लग काळे पडतात.

कार्ब्युरेटर गेला तो पिकअपसाठी किंवा ॲव्हरेजसाठी, असं बरेच जण समजतात. माझ्या मते खरं कारण धूर हे आहे. एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या, नळीत बसणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही प्रकारचे विषारी वायू एकदम साफ करू शकतो, पण एका अटीवर: एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा, आणि त्यात फरक अगदी थोडा. ओढीवर चालणाऱ्या यंत्राला ही अट पाळणं फार जड. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. मग १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या मोटारींना युरो मानकांच्या, म्हणजे धुरावरच्या मर्यादांच्या, तारखाच घालून दिल्या, आणि एमपीएफआय, म्हणजे मल्टि-पॉइंट फ्युएल इंजेक्शन, हा शब्द घरोघरी पोचला.

इंजेक्शनमध्ये टाकीतला विजेचा पंप पेट्रोल दाबाखाली पाठवतो. त्या दाबामुळे पेट्रोलची वाटेतच वाफ होत नाही, आणि घाटात इंजिनाजवळच्या तापलेल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायची वेळ आता येत नाही. आत किती हवा आली, इंजिन किती तापलंय, पेडल किती दाबलंय, हे सेन्सर सांगतात. त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो की पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा. सगळ्यात मोलाचा तो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर. तो जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते पाहतो आणि ईसीयू पुढचा हिशेब लगेच दुरुस्त करतो. कार्ब्युरेटरला आपण दिलेलं मिश्रण बरोबर होतं की चूक, हे कधीच कळत नसे.

आता एक जुनी सवय मोडायला सांगतो. घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून पुष्कळ आहेत. कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडं वाचायचंही, कारण पाय काढला तरी पायलट जेटमधून पेट्रोल ओढलं जात राहायचं. इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून पाय काढलात की चाकंच इंजिन फिरवतात आणि ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. शिवाय इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. तेव्हा खंबाटकी असो की बोरघाट, उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा.