सेल लहान होत नाही, मंडळी!

अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं की फ्लॅश मेमरी, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणारी चिप, दिवसेंदिवस सूक्ष्म होत चालली आहे. त्यांच्याच व्यासपीठावरून त्यांना खोडून काढणं बरं दिसत नाही, पण माझा नाइलाज आहे. मायक्रोएसडी कार्ड घ्या. 15 बाय 11 मिलिमीटर, आजही तेवढंच. वाढली ती क्षमता. आणि आतला सेल, म्हणजे माहिती साठवणारा एकेक कप्पा? तो लहान व्हायचा कधीच थांबलाय. उलट मधल्या काळात चांगला ऐसपैस झाला! हे म्हटलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. नॅनोमीटरचा आकडा उतरला की प्रगती झाली, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय. (तुम्हीही हसताय, म्हणजे तुमच्याही.)

तोशिबातल्या फुजिओ मासुओकांनी 1984 मध्ये फ्लॅश मांडली आणि 1987 मध्ये नँड, म्हणजे आज कार्डांमध्ये असते तो तिचा प्रकार. पुढे मोबदल्यासाठी त्यांना स्वतःच्या जुन्या कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. मागितले 1 अब्ज येन, 2006 मध्ये तडजोड झाली 8 कोटी 70 लाखांवर. सभागृहात कुणी तरुण संशोधक असतील, त्यांनी नोकरीचा करार सही करण्याआधी वाचावा. असो, भरकटलो.

सेलमध्ये एक गेट असतं, विद्युतभार साठवणारा वाहक तुकडा, चारी बाजूंनी ऑक्साइड या विद्युतरोधकानं बंद केलेला; म्हणून त्याला तरंगतं गेट म्हणतात. वीसेक व्होल्ट दिले की इलेक्ट्रॉन त्या ऑक्साइडमधून आरपार घुसतात आणि वीज गेली तरी आतच राहतात. आता गंमत अशी की हा ऑक्साइड सात-आठ नॅनोमीटरपेक्षा फारसा पातळ करता येत नाही. केला तर इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं टिकत नाहीत, गळतात. म्हणजे सेल आक्रसतो, ऑक्साइडची भिंत मात्र तेवढीच जाड. शिवाय शेजारच्या सेलचा विद्युतभार इथल्या वाचनात लुडबुड करतो. आत किती इलेक्ट्रॉन आहेत, त्या पातळीवरून माहिती वाचली जाते; सेल पंधरा-सोळा नॅनोमीटरपर्यंत येता येता दोन पातळ्यांमधला फरक मूठभर इलेक्ट्रॉनांवर आला. त्यातले थोडे निसटले तरी तुमच्या फोटोतला बिट फिरला!

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. आणि जाहीर केलेला विषय तर आता सुरू होतोय.

थोडक्यात, जागा संपली की माणूस मजले चढवतो, तेच केलं. 2013 मध्ये सॅमसंगनं 24 थरांची नँड बाजारात आणली. आज तीनशेच्या वर थर आहेत. खुबी अशी की प्रत्येक थराचं नक्षीकाम वेगळं करत नाहीत. आधी थरांवर थर चढवायचे, मग वरून खाली साधारण शंभर नॅनोमीटर रुंदीची, काही मायक्रॉन खोल भोकं एकदम कोरायची. भोक तळाशी निमुळतं झालं की वरचा सेल आणि खालचा सेल सारखे वागत नाहीत, म्हणून थर फार वाढले की हे कोरकाम टप्प्याटप्प्यानं करतात. बहुतेक कंपन्यांनी तरंगतं गेट सोडून सिलिकॉन नायट्राइड या विद्युतरोधकाच्या थरात विद्युतभार अडकवायला सुरुवात केली. आडवी जागा सैल झाल्यामुळे सेल मोठा ठेवता आला, आणि म्हणूनच त्यात तीन बिटांच्या 8, चार बिटांच्या 16 पातळ्या बसवणं परवडलं. पाच बिटांना 32 लागतील; ते का अवघड आहे, हे ज्यांना ऐकायचंय त्यांनी खाली उतरल्यावर मला गाठा.