इको-फ्रेंडली राहायचंय, पण नेटवर नेमकं शोधायचं कुठे?

नमस्कार मंडळी! गुगलवर नुसतं 'इको-फ्रेंडली जीवनशैली' असं टाकलंत ना, की पहिल्या पानावर निम्म्या जाहिरातीच येतात, बांबूचा ब्रश घ्या, ही पिशवी घ्या, ती बाटली घ्या. म्हणजे आपण कमी वापरायचं कसं हे शोधायला जातो आणि ते आपल्याला आणखी चार वस्तू विकायला बसलेले असतात. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की पर्यावरण वगैरे मोठा शब्द शोधूच नका, घरातला एकच प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर देणं हे ज्याचं कामच आहे त्याच्या साइटवर जा.

आता फॅनचंच बघा. साधा फॅन साधारण 75 वॅट खातो आणि बीएलडीसी फॅन, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30 च्या आसपास, दिवसाला बारा तास चालला तर एका फॅनमागे महिन्याला 16 युनिटं वाचतात, आणि आपल्याकडे प्रत्येक खोलीत एक असतोच की. पण दुकानदार म्हणतो म्हणून घेऊ नका. केंद्र सरकारची ऊर्जा बचतीचं बघणारी संस्था आहे, बीईई, तीच ते स्टारचं लेबल देते, आणि तिच्या स्टार लेबलच्या साइटवर कंपनी, मॉडेल टाकलं की फ्रिज असो, एसी असो, वर्षाला किती युनिटं लागतील ते दिसतं, दोन मॉडेलं शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. लेबलवर ते कुठल्या काळासाठी आहे हेही छापलेलं असतं, ते नक्की वाचा, कारण निकष मधूनमधून कडक होतात आणि जुना फाइव्ह स्टार आजच्या हिशोबाने थ्री स्टारसुद्धा निघू शकतो.

सोलरचंही तसंच. घराच्या छतावर सोलर पॅनल बसवायला मदत देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, घरासाठी 1 किलोवॅटला 30 हजार रुपये, 2 ला 60 हजार, 3 किंवा त्याहून जास्तीला 78 हजार अशी सबसिडी आहे, आणि ती थेट तुमच्या बँक खात्यात येते. त्यामुळे सबसिडी मिळवून देतो, आधी इतके भरा असं सांगणारी लिंक व्हॉट्सॲपवर आली की सरळ डिलीट करा, अर्ज करायचा तो 'गव्ह डॉट इन'ने संपणाऱ्या सरकारी पोर्टलवरच.

झाडांबद्दल मला फार कळकळीने बोलायचंय. पावसाळा आला की सगळीकडे वृक्षारोपण सुरू होतं, फोटो निघतात, आणि लावतात काय तर गुलमोहर आणि सुबाभूळ! गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची. अहो, आपला ताम्हण आहे, आपलं राज्यफूल, करंज आहे, बहावा आहे, पांगारा फुलला की मैना-बुलबुलांची नुसती झुंबड उडते त्याच्यावर. रोप आणण्याआधी 'फ्लॉवर्स ऑफ इंडिया' या साइटवर नाव टाकून बघा, तिथे बऱ्याच झाडांची मराठी नावंसुद्धा दिलीयेत आणि झाड मूळचं कुठलं तेही कळतं. 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल'वर तर लोकांनी आपापल्या भागात बघितलेल्या झाडांचे, फुलपाखरांचे फोटो आहेत, ओळखू न येणारं झाड असेल तर फोटो टाका, जाणकार नाव सांगतात. मुलांना घेऊन बसा याच्यावर, रविवारची दुपार मस्त जाते.

पाण्यासाठी 'इंडिया वॉटर पोर्टल' आहे, पावसाचं पाणी साठवण्यापासून भूजलापर्यंत बरंच काही, सावकाश वाचा.

आणि एखाद्या वस्तूवर हिरवं पान छापलंय म्हणून भुलू नका हो. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावली काढलीये, 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असं म्हणायचं तर पुरावा द्यायला लागतो. कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणारी, पिशवी म्हणून विकायची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं, आणि कोणाकोणाला दिलंय ती यादी मंडळाच्या साइटवर आहे, पिशवीवरचं कंपनीचं नाव तिथे शोधा.

त्याच मंडळाच्या साइटवर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत रिसायकलर्सचीही राज्यवार यादी मिळते. ड्रॉवरमध्ये पडलेले जुने मोबाइल, चार्जर, रिमोट भंगारात देऊ नका, यादीतला जवळचा पत्ता काढा आणि जायच्या आधी फोन करून किती माल घेतात ते विचारा, थोडा घेत नसतील तर सोसायटीतल्या सगळ्यांचा एकत्र गोळा करा. फुगलेली बॅटरी असेल तर मात्र ती बाकीच्यात टाकू नका, वेगळी ठेवा आणि देताना तसं सांगा.