निकाल लागल्यानंतरचं आयुष्य

[दृश्य: वैनगंगेचा पूल. पलीकडे वडसा. बसस्थानक, बाजार, गावाबाहेरच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं.]

कागदोपत्री या गावाचं नाव देसाईगंज. पण इथं देसाईगंजला कोणी जात नाही, सगळे वडशाला जातात. ब्रह्मपुरीकडून निघालं की वैनगंगा लागते आणि नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा. दिवाळी होऊन धान घरात आलं की इथल्या नाटक कंपन्या पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या गावागावांत मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, निघतात आणि रात्र रात्र प्रयोग रंगतात.

आपण आलो आहोत ते १९७२ सालच्या एका रात्रीचा माग काढत. २६ मार्च. मोहफुलं पडायचे दिवस. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. त्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. पुढे देशभर ते तिच्या नावानं, ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखलं गेलं. वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते शिकवलं जातं. पण निकालपत्राच्या शेवटच्या पानानंतर ती मुलगी कशी जगली, हे शिकवलं जात नाही. म्हणून ही फिल्म.

त्या रात्रीचं दृश्य आम्ही नट-नट्या घेऊन उभं केलेलं नाही. तिच्या घरावरही कॅमेरा नेलेला नाही. तिनं तिचं सांगणं १९७२ मध्येच सांगून झालं आहे, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. ते पुन्हा तिच्याकडून वदवून घेण्याचा हक्क आम्हाला नाही.

[दृश्य: जुन्या निकालपत्राची पानं.]

ती अनाथ होती, भावाजवळ राहायची. लोकांच्या घरी मजुरीनं कामाला जायची. डॉक्टरांनी नंतर तिचं वय १४ ते १६ च्या दरम्यान सांगितलं. जिथं ती कामाला जायची, त्या बाईच्या नात्यातल्या एका मुलाशी तिचं जुळलं. दोघांनी लग्नाचं ठरवलं. भावाला ते मान्य नव्हतं. बहिणीला पळवून नेलं, अशी तक्रार त्यानं ठाण्यात दिली. रात्री ९ च्या सुमाराला सगळ्यांना बोलावणं आलं. बयाण लिहून झाले. साडेदहाच्या आसपास बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला मागं थांबवून घेतलं. आरोप होते एका शिपायावर आणि एका हवालदारावर.

बाहेर भाऊ उभा होता, तो मुलगा उभा होता, त्याची मावशी होती. ठाण्यातला दिवा मालवला गेला, दार आतून बंद झालं. त्यांनी हाका मारल्या. काही वेळानं ती बाहेर आली आणि तिनं काय झालं ते सांगितलं.

इथं थोडं थांबू या. एवढ्या मोठ्या प्रकरणात या पुढच्या तासाकडे फार कमी लोकांनी पाहिलं आहे.

लोक जमले. तिला घेऊन ते गावातल्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, आधी रिपोर्ट द्या. मग सगळे पुन्हा ठाण्यावर आले. गर्दी वाढत गेली. निकालपत्रातच नोंद आहे की लोक त्या शिपायाला मारायला आणि ठाणं पेटवून द्यायला निघाले होते. शेवटी तक्रार लिहून घ्यावी लागली. ही गर्दी कोणाची? गावातल्या साध्या माणसांची. कोणी कार्यकर्ता नाही, कोणती संघटना नाही, वर्तमानपत्र नाही. रात्रीच्या अंधारात एका मजूर पोरीनं सांगितलं आणि वडशानं तिच्यावर विश्वास ठेवला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तो विश्वास साडेसहा वर्षांनीही ठेवता आला नाही. ही गोष्ट आम्हाला या सगळ्या प्रकरणात सर्वात मोठी वाटते.

वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री ८ वाजता. अंगावर जखमा नाहीत, अशी नोंद झाली. तिच्या आधीच्या शरीरसंबंधांबद्दलही शेरा लिहिला गेला. या दोन ओळींनी तिचा खटला गिळला. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं आणि तिला खोटारडी ठरवलं. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. घाबरून गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं खंडपीठानं म्हटलं. शिपायाला ५ वर्षं आणि हवालदाराला १ वर्षाची शिक्षा झाली. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. कारण जखमा नाहीत, कारण ती ओरडली नाही.

बंद दारामागं, पोलिसांच्याच ठाण्यात, पोलिसांविरुद्ध, १४-१६ वर्षांच्या पोरीनं कोणाच्या नावानं ओरडायचं?

हाच सवाल १६ सप्टेंबर १९७९ रोजी चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात विचारला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. पत्र छापून आलं, हातोहात फिरलं. १९८० च्या ८ मार्चला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला किमान १० वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात बाईनं न्यायालयात ‘माझी संमती नव्हती’ म्हटलं, तर न्यायालयानं तसंच गृहीत धरायचं, असं ठरलं. सुनावणी बंद दाराआड घ्यायचं ठरलं. आणि पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरला.

त्याच कायद्याच्या पुस्तकांत, जिच्यामुळे तो आला, तिचं नाव मात्र उघडंच राहिलं. आजही आहे.

[दृश्य: पावसाळा. चिखलात वाकलेल्या बायांची रांग. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात.]

तिनं पुढं लग्न केलं. संसार केला, मुलं वाढवली, मजुरीवर घर चालवलं. सार्वजनिक नोंद एवढीच. आम्हीही एवढंच सांगणार. पण मजुरीवर घर चालवणं म्हणजे या भागात काय, ते पाहा.

पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी, उजव्या हातानं तीन-चार काड्या सुटायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या आणि एक पाऊल मागं सरकायचं. दिवसभर पाठ सरळ होत नाही. पायाच्या बोटांत चिखल्या होतात, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बांधीत उतरायचं. दिवाळीच्या तोंडावर कापणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता. एका पुड्यात ७० पानं, पुड्यांवर मजुरी, आणि पान तोडायला पहाटे जंगलात जायचं तर वाघाची धास्ती. ज्या बाईच्या नावावर देशाचा कायदा बदलला, तिच्या बरोबरीच्या बायांचं आयुष्य हे असं. कायदा बदलला म्हणून रोजी वाढत नाही.

गुन्ह्यांवरच्या मालिका शिक्षेच्या दृश्यावर संपतात. हातकड्या, जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्या, संगीत. ज्याच्यावर बेतलं, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायची असते. आपल्याच विदर्भात भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६ ला भैयालाल भोतमांगे या दलित शेतकऱ्याची पत्नी, मुलगी आणि दोन्ही मुलं जमावानं मारली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद केली. अॅट्रॉसिटीचा कायदा दोन्ही ठिकाणी लागला नाही. भोतमांगे ते दुःख घेऊन दहा वर्षं लढत राहिले. सरकारनं नोकरी दिली, घर दिलं. २० जानेवारी २०१७ रोजी हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. आयुष्य पुन्हा उभं राहिलं, असं त्यांच्याबद्दल म्हणायची आमची हिंमत नाही. घर मिळालं, घरातली माणसं मिळाली नाहीत.

[दृश्य: सकाळची एसटी. खिडकीतून मागं जाणारी गावं. पुढे जिल्हा न्यायालय.]

आजच्या बाईकडे येऊ. तारीख पडते. गाव ते जिल्ह्याचं ठिकाण, मध्ये एसटी. त्याच एसटीत आरोपीचे नातेवाईक बसलेले असतात, कारण गाव एकच आणि गाडी एकच. रोजी बुडते ती वेगळीच. साहेब रजेवर असले की पुढची तारीख. घरी परतल्यावर शेजारची कोणी म्हणते, “कायले जातं माय तारखेले? आपसात करून टाक ना.” तिचा हेतू वाईटच असतो असं नाही. तिनं तेवढंच पाहिलेलं असतं. पण या एका वाक्यानं जितक्या केसेस बुडाल्या असतील, तितक्या कोणत्याही वकिलानं बुडवल्या नसतील, असं आमचं मत आहे. साक्षीदार फितूर होतो तो न्यायालयात, पण त्याची सुरुवात पारावर झालेली असते.

आणि तरी विदर्भातूनच काही गोष्टी हलल्या, हेही सांगायला हवं. वैद्यकीय तपासणीतला तो शेरा आठवतो ना? बाईच्या ‘सवयी’बद्दलचा? ती पद्धत पुढं कित्येक वर्षं चालू राहिली. २०१० च्या सुमाराला सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्या किती निकृष्ट आणि अपमानकारक होतात यावर सविस्तर अहवाल लिहिला. त्याच्या आधारे नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं नव्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे दोन बोटं घालून बाईच्या ‘सवयी’ ठरवणारी तपासणी, बाद केली. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जो डॉक्टर ती करील, तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. देसाईगंजच्या त्या कागदापासून इथवर यायला ५० वर्षं लागली.

आज ती रात्र घडली असती तर? बाईला चौकशीसाठी रात्री ठाण्यात बोलावता येत नाही. तिचा जबाब ती राहते तिथं घ्यायचा असतो. अशा गुन्ह्याची तक्रार महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची. घटना कुठल्याही हद्दीतली असो, कुठलंही ठाणं ती नाकारू शकत नाही. सरकारी असो की खाजगी, कोणत्याही दवाखान्यानं उपचार फुकट आणि ताबडतोब करायचे. हे नियम भिंतीवर लावण्यापुरते राहिले तर त्यांचा उपयोग नाही. म्हणून ते पाठ हवेत, विशेषतः ज्यांच्याजवळ मुली आधी बोलतात त्यांना: अंगणवाडी ताई, आशा ताई, बचत गटाच्या अध्यक्षा, शाळेच्या मॅडम, पोलीस पाटील.

[दृश्य: तालुक्याच्या न्यायालयाची इमारत. बाहेर फलक.]

ही फिल्म पाहणाऱ्या कोणाला स्वतःसाठी किंवा शेजारच्या पोरीसाठी हे लागणार असेल, तर लिहून घ्या.

तातडीला ११२. महिलांसाठी १८१. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र आहे. तिथं राहण्याची सोय, समुपदेशन आणि पोलिसांशी बोलायला मदत मिळते. वकील करायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्यायचा. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजना आहे. तिच्यातून आर्थिक मदत मिळते आणि तिचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहतं. खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्यासाठी थांबावं लागत नाही. गुन्हा नोंदवल्यावर ठाण्यातून रिकाम्या हातानं निघू नका. एफआयआरची प्रत मागा. ती फुकट मिळते आणि ती देणं त्यांना बंधनकारक आहे.