ओव्याची चिमूट आणि अडुळशाचं पान

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरलाय, कुंड्यांमधली माती उकरून पुन्हा भरायचे दिवस आलेत. म्हणजे आपण अगदी वेळेवर भेटतोय, कारण आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्यांतल्या निम्म्या वनस्पती आत्ताच पेरायच्या असतात. विषयपत्रिकेत ‘घरची औषधी बाग’ असं लिहिलंय. मी मात्र ही बाग दवाखान्याच्या बाजूनं न बघता ओट्याच्या बाजूनं बघणार आहे. कोणती वनस्पती किती घ्यायची, कशात घ्यायची, कोणत्या ऋतूत घ्यायची, हे आपल्याला आधी स्वयंपाकानं शिकवलं. ते शिक्षण आपण हल्ली फार सहज सोडून देतोय आणि त्याची मला काळजी वाटते.

ओव्यापासून सुरुवात करू. पोट दुखलं की ‘ओवा चाव आणि वर कोमट पाणी पी’ हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर सापडायचं नाही. भज्यांच्या पिठात, शेंगोळ्यांत, थालीपिठात ओवा पडतो आणि पडण्याआधी तो तळहातावर चोळला जातो. का चोळायचा? आपण ज्याला ओव्याचं बी म्हणतो ते खरं तर त्याचं इवलंसं फळ. त्याच्या सालीत उभ्या बारीक नळ्या असतात आणि त्या सुगंधी तेलानं भरलेल्या असतात. चोळल्यावर त्या फुटतात. तेलातला मुख्य घटक थायमॉल. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलातुपात मात्र चटकन विरघळतो. म्हणून आपली फोडणी हा नुसता चवीचा भाग नाही. गरम तेलात ओवा, जिरं, हिंग टाकतो तेव्हा आपण त्यांच्यातला अर्क तेलात उतरवून घेत असतो.

या थायमॉलची एक मोठी गोष्ट आहे आणि ती मला प्रत्येक व्याख्यानात सांगावीशी वाटते. पहिल्या महायुद्धाच्या आधी आपल्याकडचा ओवा जहाजांनी जर्मनीला जात असे. तिथले कारखाने त्यातून शुद्ध थायमॉल काढत. त्याच काळात, १९०९ ते १९१४ या वर्षांत, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये धनाढ्य उद्योगपती रॉकफेलर यांच्या पैशातून अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम चालली होती. आतड्याला चिकटून रक्त शोषणाऱ्या या जंतावर तेव्हा जे औषध देत, ते थायमॉलच. आपल्या आज्या पोरांच्या जंतांवर ओवा देत होत्या, त्याला असा आधार आहे.

पण गोष्टीचा दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा. ते औषध घेणाऱ्या रोग्याला डॉक्टर बजावत, की आज तेलतूप खायचं नाही आणि दारूला शिवायचं नाही. कारण त्यांत विरघळून थायमॉल आतड्यात जंतांपाशी राहण्याऐवजी रक्तात शिरायचं आणि विषबाधा व्हायची. म्हणजे जे तेल फोडणीत आपल्याला हवंसं वाटतं, तेच थायमॉलची मात्रा मोठी असली की जिवावर बेतत होतं. वस्तू तीच, फरक मात्रेचा. हिशेब करून बघा. चमचाभर ओवा साधारण २ ग्रॅम भरतो. त्यातलं सुगंधी तेल शेकडा ३ धरलं आणि त्या तेलातलं निम्मं थायमॉल धरलं, तर हाती येतात जेमतेम ३० मिलिग्रॅम. जंतांवरच्या उपचारात थायमॉल ग्रॅमच्या मापानं दिलं जाई. एका ग्रॅमसाठीसुद्धा तीसपेक्षा जास्त चमचे ओवा लागेल आणि तेवढा कुणी चावू शकत नाही, जिभेला चटका बसून आपण थांबतो. तिखटपणा, कडूपणा, उग्र वास हे वनस्पतीनंच घातलेले बांध आहेत. अर्क आणि गोळी हे बांध ओलांडतात. म्हणून गोळी घेताना ज्या विचारानं घ्यायची, तो विचार चिमूटभर ओव्याला लागत नाही, आणि चिमूटभर ओव्याचा बिनधास्तपणा गोळीला लावायचा नाही.

आता, तुमच्यापैकी अनेकांच्या बाल्कनीत ओव्याचं झाड आहे म्हणाल, ते बहुधा पानओव्याचं आहे. जाड, लवदार, दातेरी पानं, ज्यांची भजी होतात. ते तुळशीच्या कुळातलं, तर मसाल्याचा ओवा कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातला. वास जुळतो, कारण पानओव्यात थायमॉल आणि त्याचा जवळचा भाऊ कार्व्हाक्रॉल ही द्रव्यं असतात. पानओवा लावायला अगदी सोपा: बोटभर फांदी मातीत खोचली की झालं. तो मरतो फक्त जास्त पाण्यानं. खऱ्या ओव्याला मात्र थंडी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरला तर फेब्रुवारी-मार्चकडे पांढऱ्या फुलांच्या छत्र्यांत दाणे धरतात.

याच कुळातला शेपू. मुलं नाक मुरडतात, पण मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घालून केलेली शेपूची भाजी बाळंतिणीच्या ताटात आपल्याकडे असतेच, आणि जेवणानंतर बाळंतशेपा. हे दोन्ही एकाच झाडाचे भाग. कोवळेपणी पाला खुडला तर भाजी, झाड वाढू दिलं तर पिवळी फुलं आणि मग बाळंतशेपा. १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्यानं तान्ह्या मुलांसाठी जे ग्राइप वॉटर बाजारात आणलं, त्यात शेपूच्या बियांचं तेल होतं, खाण्याचा सोडा होता आणि अल्कोहोलही होतं. त्या बाटलीनं आपल्या कितीतरी पिढ्या वाढवल्या. माझं मत विचाराल तर शेपू आईनं खावा. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळगुटीतल्या वेखंड आणि जायफळाबद्दल मी अधिक कडक आहे. सहाणेवर किती वळसे उगाळले यावर मात्रा ठरते, आणि प्रत्येकीचा हात वेगळा. जायफळ जास्त झालं तर मोठ्या माणसालाही गुंगी आणि भ्रम होतो. वेखंडातल्या बीटा-असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेनं १९६८ मध्येच ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. परंपरेवर माझं प्रेम आहे, म्हणूनच तिच्यातलं जोखमीचं काय ते मी लपवणार नाही.

आता अडुळसा. गावाकडे कुंपणाला लावतात, कारण कडू पाल्याला गुरं तोंड लावत नाहीत. जूनमध्ये जून झालेली वीतभर फांदी खोचली की लागते. खोकल्यावर पानांचा रस मधातून देतात. ताजी पानं चेचून सहजी रस निघत नाही, म्हणून पुटपाक करायचा: पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळून, वरून मातीचा लेप देऊन भाजायचा आणि मग पिळायचा. या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य आहे. त्याच्या रचनेवर काम करता करता रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन बनवलं, आणि ब्रोमहेक्सिनचं शरीरात जे रूपांतर होतं ते अँब्रोक्सॉल. घरी कफाच्या औषधाची बाटली असेल तर लेबल वाचा, या दोहोंपैकी एक नाव बहुधा दिसेल. कुंपणावरचा पाला आणि औषधाच्या दुकानातली बाटली यांच्यात असं नातं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पण गर्भारपणात अडुळसा घ्यायचा नाही. व्हॅसिसीननं गर्भाशय आकुंचन पावतं. आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मध कशातूनही देऊ नये.

हळदीबद्दल इतकं बोललं जातं की मी थोडक्यात आटोपते. वायगाव, सांगली आणि वसमत या तीन ठिकाणच्या हळदींना भौगोलिक मानांकन आहे. जखमेवर हळद लावण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं, ते डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ मध्ये रद्द करवलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला सांगायचंय ते कुंडीबद्दल. फूटभर खोल कुंडीत, मे-जूनमध्ये, डोळा असलेला एक गड्डा लावा. श्रावणात पातोळ्यांपुरती पानं मिळतील आणि पानं वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत ओली हळद लोणच्याला. हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं. मिऱ्यातल्या पायपरीननं ते शोषण कित्येक पटींनी वाढतं, हे १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं. पुढे नेमक्या याच जोडीच्या जबर मात्रेच्या गोळ्या निघाल्या आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. वरणातल्या हळदीनं असं होत नाही.

आणि गुळवेल. करोनाच्या काळात लोकांनी दिसेल तो वेल ओरबाडला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीचे काढे घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं उत्तर दिलं की वनस्पतीची खात्री केलेली नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते. या वादात कोणतीही बाजू घ्या, मला एकच गोष्ट दिसते: लोक काय पीत होते ते त्यांना ओळखता येत नव्हतं. जे झाड तुम्ही स्वतः लावलंत, ज्याचं पान, फूल, बी वर्षभर पाहिलंत, ते तुम्ही चुकत नाही. घरी लावण्याचा सगळ्यात मोठा फायदा मी हाच मानते, पैसे वाचणं नंतर.

मघाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, की रोज सकाळी ज्येष्ठमधाचा काढा चालेल का. घसा बसला तर चार दिवस तुकडा चघळा. रोज, महिनोन्‌महिने नको. ज्येष्ठमधानं शरीरात मीठ-पाणी साचतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांना काढ्याबद्दल आधी सांगा. ‘ते काय, घरचंच आहे’ म्हणून लपवू नका. रोजच्या चहाला गवती चहाची पात घ्या. फक्त ती शेवटी टाका आणि भांड्यावर झाकण ठेवा. तिचा लिंबासारखा वास म्हणजे सिट्रल, आणि ते उकळताना वाफेबरोबर उडून जातं.

वासाचं निघालंच आहे तर लागवडीचं सांगून थांबते. या वनस्पतींना फार खत आणि फार पाणी दिलं तर पाला तरारतो, पण वास फिका पडतो. ऊन मात्र भरपूर हवं, निदान चार-पाच तास. शेपू जागच्या जागी पेरा, रोप उपटून दुसरीकडे लावलं तर त्याचं सोटमूळ दुखावतं. धणे पेरण्याआधी लाटण्यानं हलके रगडून दोन दले वेगळी करा आणि रात्रभर भिजवा, आठ-दहा दिवसांत उगवतील. लवकर यश हवं असेल, मुलांना हाताशी घ्यायचं असेल, तर अळीव पेरा. लाडवांसाठी आणता तेच. पसरट कुंडीत विरळ टाका, दाबू नका, पाणी शिंपडा. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतील आणि दोन आठवड्यांच्या आत पाला कात्रीनं कापून कोशिंबिरीत घालता येईल, जरा मोहरीसारखा झणझणीत लागतो. अळीव गर्भारपणात टाळतात, बाळंतपणानंतर देतात, तेवढं लक्षात असू द्या. बी किराणा दुकानातलं चालेल, पण ते या वर्षीचं आहे का ते विचारून घ्या, आणि आधी वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवून कितींना मोड येतात ते बघा.