पाट्या वाचत शिकलेला कवी

[दृश्य : मुंबईतला गजबजलेला रस्ता. दुकानांच्या पाट्यांवरून सावकाश सरकणारा कॅमेरा. आवाज फक्त रहदारीचा.]

निवेदन :
या पाट्या आपण वाचतो असं म्हणायचं, पण खरं तर नजर जाते आणि पाय पुढे निघतात. याच शहरात एकेकाळी एक तरणाताठा गडी पाटीसमोर थांबून एकेक अक्षर लावत बसायचा. जोडाक्षर आलं की अडायचा.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२. शाळेची पायरी चढलेला नव्हता. गावात शेतातली कामं केली, मुंबईत मिळेल ती अंगमेहनत. एकदा चाळीत कुणीतरी पत्र पुढे केलं, म्हणालं, वाचून दाखव. वाचता आलं नाही. त्या दिवशी आपण रडलो, असं ते सांगत. मग एका मास्तरांकडून मुळाक्षरं गिरवली. जोडाक्षरं शिकवली ती रस्त्यावरच्या पाट्यांनी.

[दृश्य : ढोलकीवर थाप. गायन पार्टीची तालीम.]

निवेदन :
पहिलं गाणं १९४३चं. एका हिंदी गाण्याच्या चालीवर केलेलं विडंबन. तिथून जे सुरू झालं ते साठ वर्षं चाललं. किती गाणी? लोक हजारांत सांगतात, नेमकी मोजदाद कोण करणार! पहिला संग्रह ‘वाटचाल’ आला १९७३ साली, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. तोवर वामनदादा गावोगावच्या लोकांना तोंडपाठ होते.

नाशिक जिल्ह्याला आंबेडकरी चळवळीचं गाणं नवं नव्हतं. दलितांच्या प्रवेशासाठीचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० सालचा, हिंदू धर्म सोडण्याची बाबासाहेब आंबेडकरांची येवल्यातली घोषणा १९३५ची. बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून लोकांपर्यंत नेणारे आंबेडकरी जलसे इथं आधीपासून गाजत होते. जलसेकार भीमराव कर्डक याच जिल्ह्यातले. आडनावामुळे दोघांची गल्लत होते, म्हणून सांगितलं.

आता वामनदादांचं गाणं घडतं कसं, ते पाहू.

समोर बसलेल्या मंडळीत निम्म्यांना अक्षरओळख नाही. ऐकलेली ओळ मागे उलटून पाहायची सोय नाही. ती पहिल्या फेरीतच कानात बसली पाहिजे, आणि दुसऱ्या फेरीला पोरासोरांनी उचलली पाहिजे. त्यांच्या एका गाजलेल्या गाण्यात ते बड्या घराण्यांची नावं घेऊन विचारतात, धनाचा साठा कुठाय आणि आमचा वाटा कुठाय. टाटा, बाटा, साठा, वाटा. अर्थशास्त्राचा अख्खा धडा एका यमकात! बाटाची पाटी शहरात चप्पल शिवणाऱ्यानंही पाहिलेली असते. पाट्यांवरून अक्षरं वेचणाऱ्या माणसाला हे यमक सापडलं, याचं मला तरी नवल वाटत नाही.

पण सगळे सवाल शेठजींनाच नव्हते. ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ हे त्यांचं गाणं आंबेडकर जयंतीच्या मांडवात आजही वाजतं. शब्दांकडे लक्ष द्या. जयजयकार करायला जमलेल्या गर्दीलाच ते विचारतंय की खरोखर त्याच्या मताचे किती? ‘पाच’ हा आकडा फार जिव्हारी लागतो. लाखभर लोकांसमोर उभं राहून पाच मागायचे, आणि तेही ‘जर’ लावून! बाहेरच्यानं असं म्हटलं असतं तर मांडवात गडबड झाली असती. वामनदादांचं मात्र लोक टाळ्या देत ऐकत. घरातल्या म्हाताऱ्यानं कान धरला तर कोण रागावतं?

[दृश्य : एका गावातली रात्र. सतरंज्या, लहान स्टेज, माईकची खरखर.]

निवेदन :
गाणी लिहून झाली की ती त्यांची राहत नसत. या पार्टीनं उचलली, त्या पार्टीनं चाल बदलली, कुणी अंतरा गाळला. मानधनाचं विचारूच नका. एक खूण मात्र ते ठेवून देत. संतांच्या अभंगात, कव्वालीत असते तशी, शेवटच्या कडव्यात नाममुद्रा, म्हणजे ओळीत गुंफलेलं स्वतःचं नाव. हे कडवं गाळलं की गाणं पोरकं झालं. तशी पोरकी झालेली गाणीही बरीच असणार.

१५ मे २००४ रोजी नाशिकला वामनदादा गेले.

[दृश्य : स्टेजवर विशीतली एक मुलगी. हातात मोबाईल, त्यावर गाण्याचे शब्द.]

निवेदन :
ही पोरगी मोबाईलवर वाचून गातेय. दुसऱ्या कडव्याला स्क्रीन विझते. ती क्षणभर थांबते, समोर बघते. पुढची ओळ सतरंजीवरून येते. बायका गातायत. मुलगी मोबाईल खिशात टाकते आणि शेवटच्या कडव्यापर्यंत त्यांच्या मागून जाते. ‘वामन’ हा शब्द येतो तेव्हा ढोलकीवाला थाप जरा उशिरा टाकतो, नाव नीट ऐकू यावं म्हणून.

[ढोलकी. अंधार.]