तो मेसेज पुसू नका

विषय ‘मोबाइलला पाळतीपासून कसं वाचवायचं’ असा जाहीर झालाय. त्याकडे येतोच. आधी जरा हात वर करा: अनोळखी लिंकचा मेसेज दिसला की लगेच पुसून टाकणारे किती? बघा, जवळजवळ सगळेच! माझं भांडण नेमकं या सवयीशी आहे.

१० ऑगस्ट २०१६. संयुक्त अरब अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना मेसेज आला: तिथल्या तुरुंगांतल्या छळाची नवी गुपितं, खाली लिंक. आमिष बघा. लॉटरी नाही, बक्षीस नाही. ज्या प्रश्नासाठी हा माणूस जिवाचं रान करत होता, तोच प्रश्न गळाला लावलेला. याआधी २०११ आणि २०१२ मध्येही त्यांच्यावर असे हल्ले झाले होते. त्यांनी लिंक उघडली नाही, पण मेसेज पुसलाही नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक आला. दोन्ही त्यांनी टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबकडे पाठवले. संशोधकांनी ती लिंक आपल्याकडच्या आयफोनवर उघडली आणि पेगॅसस या स्पायवेअरची, म्हणजे फोनवर चोरून पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, चाल उघडी पडली. ॲपललाही ठाऊक नसलेल्या तीन त्रुटी एकापाठोपाठ एक वापरल्या जात होत्या. २५ ऑगस्टला आयफोनच्या प्रणालीचं अपडेट, आयओएस ९.३.५, आलं आणि त्या बुजल्या. पंधरा दिवसांत! मन्सूर यांना मात्र मार्च २०१७ मध्ये अटक झाली, पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा. हे सांगताना दर वेळी माझा आवाज अडखळतो.

माझ्या ओळखीच्या एका पत्रकार बाईंना असाच संशय आला, तर त्यांनी घाबरून फोन फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे त्यातलं सगळं पुसून टाकलं. कोणी, कधी, कसं, सगळे माग गेले. उलट २०२१ मध्ये एका सौदी कार्यकर्त्याच्या फोनचा बॅकअप पुन्हा तपासला, तेव्हा जीआयएफचं, म्हणजे हलत्या चित्राचं, नाव लावलेल्या भलत्याच फाइल सापडल्या. त्यांना बोटही लावावं लागत नव्हतं. मेसेज आला की काम झालं. ॲपलला कळवल्यावर सहा दिवसांत दुरुस्ती आली.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर भराभर सांगतो. अपडेट आलं की त्याच दिवशी टाका. बुजवलेली त्रुटी जुन्या फोनमध्ये उघडीच राहते. पत्रकार, वकील, कार्यकर्ते असाल तर आयफोनवर लॉकडाउन मोड, म्हणजे कडक संरक्षणाची सेटिंग, सुरू करा. मेसेजमधल्या बहुतेक अटॅचमेंट अडतात, थोडी गैरसोय होते, ती सोसा. अँड्रॉइड १६ मध्ये अशीच सोय ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन नावाने आहे. फोन रोज बंद करून चालू करा. काही स्पायवेअर त्याने निघून जातं, पण ते पुन्हा येऊ शकतं. ॲपलकडून धोक्याची सूचना आली तर तिला फसवा मेसेज समजून सोडू नका. तुमच्या ॲपल खात्याच्या पानावर स्वतः जाऊन ती तिथे दिसते का पाहा. खऱ्या सूचनेत लिंक उघडायला किंवा पासवर्ड द्यायला सांगत नाहीत.

आणि संशय आलाच, तर रीसेट करण्याआधी बॅकअप घ्या, मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, आणि दुसऱ्या फोनवरून जाणकाराला गाठा.