ई-सायकल: मोटर, ब्रेक आणि बॅटरी

नमस्कार. एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाईल, हा प्रश्न ई-सायकलबद्दल सगळ्यात आधी विचारला जातो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. या हिशेबात पुढे सुरक्षिततेचा भागही आपोआप येतो, कारण बॅटरी वाया घालवणाऱ्या बहुतेक सवयी अपघाताच्याही जवळ नेतात.

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात. समजा ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास. त्यांचा गुणाकार ३६०, म्हणजे तुमच्याजवळ ३६० वॉट-तास साठवण आहे. सपाट रस्त्यावर, स्वतः पेडल मारत, मध्यम असिस्टवर (म्हणजे पेडल मारताना मिळणाऱ्या मोटरच्या मदतीवर) चालवली तर किलोमीटरला साधारण ८ ते १५ वॉट-तास लागतात. म्हणजे २४ ते ४५ किलोमीटर. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे मोटर थेट चालवणाऱ्या हँडलवरच्या नियंत्रणावर, बसून राहिलात तर यापेक्षा कमीच.

एवढी तफावत कशामुळे पडते? पहिलं कारण वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० ऐवजी २५ किलोमीटरने गेलात तर त्याच अंतरासाठी हवेशी झगडण्यात ५६ टक्के जास्त ऊर्जा जाते. दहा किलोमीटरच्या रस्त्यावर वाचतात फक्त सहा मिनिटं.

दुसरं कारण थांबून पुन्हा निघणं. सायकल आणि चालक मिळून १०० किलो वजन धरा. ते शून्यापासून ताशी २५ पर्यंत न्यायला सुमारे ०.७ वॉट-तास लागतात. मोटर आणि वायरिंगमधला ऱ्हास धरला तर बॅटरीतून एक वॉट-तासाहून जास्त जातो. दहा वेळा थांबलात की जवळजवळ एका किलोमीटरची बॅटरी गेली. म्हणून पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पेडल मारणं थांबवा आणि सायकल आपल्या वेगाने पुढे जाऊ द्या. पोहोचेपर्यंत तो हिरवा झाला तर थांबावंच लागत नाही.

निघतानाच्या क्षणाकडे जरा बारकाईने पाहू, कारण सर्वात जास्त नुकसान तिथे होतं. चाक स्थिर असताना मोटर पूर्ण करंट ओढते, पण फिरत नसल्यामुळे काम शून्य होतं. सगळी वीज वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीत, उष्णता होऊन जाते, आणि ही उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. चढावर ताशी पाच-सहा किलोमीटरने रखडत जाणाऱ्या हब मोटरची, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या मोटरची, अवस्था जवळजवळ अशीच असते. गिअर असलेल्या हब मोटरमध्ये आत बहुधा नायलॉनची दातेरी चाकं असतात. गरम झाली की ती मऊ पडतात आणि दाते झिजतात. मोटरचा आवाज खरखरीत झाला, तर आत पाहायची वेळ झाली समजा.

उपाय सोपा आहे. थांबण्यापूर्वी, पाय चालू असतानाच, हलक्या गिअरवर या. थांबल्यावर साखळी सरकत नाही, आणि जड गिअरमध्ये उठताना सायकल डगमगते ती वेगळीच. थांबलेले असताना ब्रेक दाबलेला ठेवा आणि पाय पेडलवर टेकवू नका. टॉर्क सेन्सरच्या, म्हणजे पायाचा जोर ओळखणाऱ्या, सायकलला पायाचा थोडा भारही पुरतो, ती पुढे झेपावते. निघताना असिस्ट सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवा, मागे वळून पाहा, दोन-तीन फेरे स्वतःच्या ताकदीने मारा, मग पातळी वाढवा. चढावरही हेच: चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करा आणि मिनिटाला ६० ते ८० फेरे राखा. मिड-ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटर पेडलांपाशी असलेल्या सायकलीत, मोटरची सगळी ताकद साखळीतूनच जाते, त्यामुळे गिअर बदलताना अर्धा फेरा पायाचा जोर काढून घ्या. जोर ठेवून बदललात तर साखळी तुटते किंवा दाते खराब होतात.

तुमच्या सायकलला कोणता सेन्सर आहे हे माहीत असायलाच हवं. टॉर्क सेन्सर पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत करतो. केडन्स सेन्सरला फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच कळतं. तो थोडं फिरल्यावर मोटर चालू करतो आणि पाय थांबल्यावरही क्षणभर चालू ठेवतो. अरुंद जागेत सायकल वळवताना हा क्षणच घात करतो. अशा वेळी बोटं ब्रेकच्या लिव्हरवर ठेवा, कारण बहुतेक अशा सायकलींच्या लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा स्विच असतो. तो चालतो का, हे आठवड्यातून एकदा तपासा: मोटरचं चाक जमिनीपासून उचलून धरा, दुसऱ्या कुणाला थ्रॉटल देऊन किंवा पेडल फिरवून चाक फिरवायला सांगा, आणि लिव्हर हलकेच दाबा. ब्रेकचे पॅड डिस्कला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला, लागण्याआधीच मोटर बंद व्हायला हवी. तशी झाली नाही तर स्विच किंवा त्याची वायर दुरुस्त होईपर्यंत सायकल बाहेर काढू नका.

आता ब्रेक. मोटर सायकलला वेग देते, थांबवण्याचं काम मात्र त्याच दोन ब्रेकना करावं लागतं, आणि तेही २०-२५ किलोच्या सायकलीला. एक हिशेब पाहा. ताशी १५ किलोमीटर वेगात, एक सेकंद प्रतिक्रियेला आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक धरला, तर थांबायला साधारण साडेसहा मीटर लागतात. ताशी २५ ला तेच अंतर १३ मीटर होतं. वेग दीडपटीच्या थोडा पुढे गेला आणि अंतर दुप्पट झालं. ओल्या रस्त्यावर आणखी वाढेल. शिवाय समोरचे वाहनचालक तुम्हाला साधी सायकल समजून तुमच्या वेगाचा अंदाज चुकवतात, आणि पादचाऱ्यांना तुमची चाहूलच लागत नाही. म्हणून घंटी लवकर वाजवा, आणि दिवसाही दिवा चालू ठेवा. त्याला बॅटरी नगण्य लागते.

ब्रेक दोन्ही एकत्र लावा. जोर पुढच्यावर जास्त हवा, कारण थांबताना वजन पुढे येतं, पण तो हळूहळू वाढवायचा. हँडल वळलेलं असताना किंवा वाळू-खडीवर पुढचा ब्रेक झटक्याने लावला की चाक घसरलंच. पुढच्या चाकात हब मोटर असेल तर अशा जागी थ्रॉटलही देऊ नका, चाक जागच्या जागी फिरून सटकतं. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. डिस्क तापते, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड जाते. वेग कमी करा, सोडा, पुन्हा कमी करा.

पॅडवरचा घासणारा थर एक मिलिमीटरवर आला की बदला. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या जागेत मध्यम वेगातून वीसेक वेळा, पूर्ण न थांबता, ठामपणे ब्रेक लावा. त्याने पॅडचा थर डिस्कवर बसतो, नाहीतर ब्रेक किंचाळतो आणि कमी धरतो. साखळीचं तेल डिस्कवर उडू देऊ नका. एकदा ते पॅडमध्ये मुरलं की बहुधा पॅडच बदलावे लागतात.

हब मोटरच्या चाकाचे नट घट्ट आहेत का हे पाहणं पुष्कळ जण विसरतात. मोटर रस्त्याला जितकी ढकलते तितकाच पीळ तिच्या ॲक्सलवर येतो. नट सैल असला तर ॲक्सल खाचेतून गरकन फिरतो, वायर तुटते आणि चाक निसटू शकतं. टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सल धरून ठेवणारी पट्टी, बसवलेली आणि पक्की असायला हवी. नवीन सायकलीचे आरेही पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सैल पडतात. दोन-दोन आरे बोटांत धरून दाबून पाहा. जो इतरांपेक्षा सैल लागेल तो कसून घ्या.

टायरची हवा आठवड्यातून एकदा पंपाच्या काट्यावर मोजा. मर्यादा टायरच्या बाजूलाच छापलेली असते. हवा कमी असेल तर बॅटरी खाते, आणि खड्ड्यात रिम आणि रस्त्यामध्ये ट्यूब चिमटून दोन भोकांचं पंक्चर होतं.

उरली बॅटरी. सायकलीसोबत आलेलाच चार्जर वापरा. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी ४२ व्होल्टपर्यंत भरते, ४८ व्होल्टची ५४.६ पर्यंत. प्लग एकसारखा दिसला म्हणून एकीचा चार्जर दुसरीला लावणं थेट आगीला निमंत्रण आहे. चालवून आल्यावर अर्धा तास निवू द्या, मग चार्ज करा. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करू नका, सेलच्या आत धातूरूप लिथियम साचतं आणि ते परत निघत नाही. रोजच्या वापराला ८० टक्के पुरत असेल तर तेवढंच भरा. अधूनमधून मात्र पूर्ण भरून थोडा वेळ चार्जरवर राहू द्या, म्हणजे आतले सेल समान पातळीवर येतात. चार्जिंग जागेपणीच करा, पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर, आणि बाहेर पडायच्या वाटेवर कधीच नाही.

चढावर डिस्प्लेचे टक्के भराभर उतरतात आणि सपाटीवर परत वर येतात. त्यात बिघाड नाही, जास्त करंट ओढला की व्होल्टेज तात्पुरतं दबतं. पण शेवटच्या २० टक्क्यांत हे दबणं इतकं वाढतं की चढाच्या मधोमध मोटर बंद पडू शकते. तेव्हा चढ असेल त्या रस्त्यावर तेवढा साठा राखून निघा.

पावसाचे शिंतोडे सायकल सहन करते, पण जोराच्या पाण्याने धुऊ नका. साचलेलं पाणी हबची मधली बाजू बुडेल इतकं खोल असेल तर उतरा, बॅटरी बंद करा आणि ढकलत न्या. बरेच दिवस वापरायची नसेल तर बॅटरी ४० ते ६० टक्के भरून कोरड्या, थंड जागी ठेवा आणि दीड-दोन महिन्यांनी पातळी पाहा. तिला फुगवटा आला, गोडसर रसायनाचा वास आला, फुसफुस आवाज आला किंवा ती जोरात पडली, तर पुन्हा चार्ज करू नका. हाताळण्याजोगी असेल तर घराबाहेर मोकळ्या जागी न्या, टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. धूर निघू लागला असेल तर तिला हात न लावता सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला बोलवा.